वाडा खरोखर पिंपळाने पाडला का? माळवद, पन्हळ आणि जुन्या झाडांचा इतिहास

१/
शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा हे भीमेच्या काठचे गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. या पट्ट्यातील जुन्या गावठाणांत एक दृश्य वारंवार दिसते : दगडी जोते शाबूत, वरची मातीची भिंत खचलेली आणि तिच्या फटीतून वर आलेला पिंपळ. पाहणारा सहज म्हणतो, "पिंपळाने वाडा पाडला." हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर छपरावरच्या एका वीतभर तोंडाच्या वस्तूत दडलेले आहे. ती वस्तू म्हणजे पन्हळ.

२/
आधी पावसाचा विचार करावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शिरूर-दौंडचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तेथे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून कोकणात आणि मावळात तीव्र उताराची छपरे दिसतात, तर देशावर सपाट छपराची, म्हणजे धाब्याची घरे. या सपाट छपराला माळवद म्हणतात. त्यावर धान्य वाळवता येते, उन्हाळ्यात निजता येते आणि मातीच्या जाड थरामुळे खालची खोली थंड राहते.

३/
माळवदाची रचना साधी. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा कामट्या, त्यावर पाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती भिजली की फुगते, तिचे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि पाणी सहसा खाली उतरू देत नाहीत. पण हे सामर्थ्य वाहत्या पाण्यापुरते असते. साचलेल्या पाण्यापुढे ही माती फार काळ टिकत नाही. म्हणून माळवदाला किंचित उतार देऊन त्याच्या कडेला दगडी, लाकडी किंवा भाजक्या मातीच्या पन्हळी बसवीत. भिंतीपासून दूर पाणी फेकणे एवढेच त्यांचे काम.

४/
ही पांढरी माती येते कोठून? जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात : 'काळी' म्हणजे कसण्याची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. शतकानुशतके एकाच ठिकाणी मातीची घरे उभी राहिली, पडली, त्यांवर राख आणि शेण पडले. त्यातून वस्तीच्या जागेची माती फिकट होत गेली. घर शाकारताना लोक तीच माती खणून छपरावर नेत. पणज्याच्या पडलेल्या घराची माती अशा रीतीने पणतूच्या डोक्यावर छप्पर होऊन येत असे.

५/
पुरातत्त्वज्ञांना याच पांढरीच्या टेकाडांनी मार्ग दाखवला. मांडवगणहून फार दूर नसलेले, शिरूर तालुक्यातीलच घोड नदीकाठचे इनामगाव हे त्याचे ख्यातनाम उदाहरण. डेक्कन कॉलेजने तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची नावे. इ. स. पू. १६०० ते ७०० या कालखंडातील शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथे मिळाले. आरंभीची घरे मोठी, आयताकृती आणि बुटक्या मातीच्या भिंतींची. अखेरची लहान आणि गोल. छपरे गवताची असावीत. ती केव्हाच नाहीशी झाली. हाती लागले ते जमिनीतील खांबांचे खड्डे. घरात सर्वांत आधी नष्ट होते ते छप्पर, हा धडा या परिसरात तीन हजार वर्षांचा आहे.

६/
'पन्हळ' हा शब्दही जुना आहे. त्याचे मूळ संस्कृत 'प्रणाल', म्हणजे पाणी बाहेर काढणारी नाली. शिवलिंगाच्या पीठावरून अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारा भाग तोही प्रणालच. पन्हाळगडाचे शिलाहारकालीन नाव 'प्रणालक' असे मिळते. आज कार्यालयीन भाषेत सर्रास वापरली जाणारी 'प्रणाली' हीदेखील मुळात पाण्याची वाट होती. देवळांवर या वाटेला मकराचे किंवा गाईचे मुख देत. युरोपातील गॉथिक चर्चवरची अक्राळविक्राळ मुखेही हेच काम करतात.

७/
छपराचे पाणी हा खासगी विषय कधीच नव्हता. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'तील वास्तुप्रकरणात शेजाऱ्याच्या भिंतीपासून पाण्याची वाट किती अंतरावर असावी याचे नियम आहेत आणि ते मोडणाऱ्याला दंडही आहे. रोमन कायद्यात वळचणीचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत पडू देण्याचा हक्क स्वतंत्रपणे मोजला जाई. मराठीत वळचण, पागोळी, पन्हळ असे वेगवेगळे शब्द नांदतात. छपराची कड, तिच्यावरून गळणारी धार आणि पाणी वाहून नेणारी नाली यांतला फरक ज्या समाजाला रोज सांभाळावा लागतो, त्यालाच इतके शब्द लागतात.

८/
आता झाडे. देशावरच्या उन्हाळ्यात घराजवळ मोठे झाड असणे ही चैन नसून गरज होती. दारात कडुनिंब, परसात चिंच, देवळापुढच्या पारावर वड किंवा पिंपळ. मात्र या झाडांची पानगळ युरोपातील झाडांसारखी शरदात होत नाही. कडुनिंब आणि पिंपळ शिशिराच्या अखेरीस व वसंतात पाने टाकतात; चिंचेची बारीक पर्णिका उन्हाळाभर झडत राहते. म्हणजे छपरावर पाला साचतो तो नेमका पावसाच्या तोंडावर. मृग नक्षत्राचा पहिला सडाका आला की तो सारा पाला वाहत जाऊन पन्हळीच्या तोंडाशी अडकतो. चिंचेचा पाला सर्वांत त्रासदायक; तो भिजला की त्याचा लगदा होऊन बसतो.

९/
तुंबलेल्या पन्हळीपासून पडक्या भिंतीपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. पाणी माळवदावर साचते. ते कडेने भिंतीत उतरते. तुळयांची भिंतीत रोवलेली टोके प्रथम कुजतात, कारण तेथे वारा लागत नाही. कच्च्या विटांची किंवा मातीची भिंत आतून मऊ होते. तुळई थोडी खचते, त्यामुळे माळवदात खोलगा पडतो आणि पुढच्या वर्षी तेथे अधिक पाणी साचते. बाहेरून पाहता सारे ठीक दिसते. काही पावसाळ्यांनंतर एका रात्री कोपरा कोसळतो.

१०/
मग पिंपळ येतो कोठून? पिंपळाची आणि वडाची फळे पक्षी खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी छपरावर पडते. कोरड्या, स्वच्छ, वाहत्या जागी ते सहसा रुजत नाही. त्याला हवी असते सदैव ओलसर फट आणि चिमूटभर कुजका पाला. तुंबलेली पन्हळ या दोन्ही गोष्टी पुरवते. म्हणजे भिंतीत पिंपळ दिसतो, तेव्हा पाणी आधीच आत शिरलेले असते. पिंपळ त्या दुर्लक्षाची पहिली उघड खूण असतो. पुढे मुळे जाड होऊन दगड सारतात, ते नुकसान नंतरचे.

११/
हे मराठा राज्यकर्त्यांना नेमके ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ग्रंथात, दुर्गप्रकरणात याविषयी स्पष्ट सूचना आहे. पावसाळ्यात तटाच्या सांध्यांतून झाडे-झुडपे वाढतात. ती आश्विन-कार्तिकात कापून काढावीत आणि तटाभोवतीचे गवतही साफ करावे, असा तिचा आशय. शत्रूची तोफ एकदाच येईल, पण पाऊस दरवर्षी येणार, हा हिशेब त्यामागे असावा.

१२/
त्याच ग्रंथाची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. गडावर असलेली झाडे राखावीत, शिवाय फणस, चिंच, वड, पिंपळ असे मोठे वृक्ष लावून जतन करावेत, असेही तो सांगतो. आरमारासाठी लाकूड लागले तरी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा त्याचा प्रसिद्ध युक्तिवाद. तटातला पिंपळ काढा आणि गडावर पिंपळ लावा : एकाच ग्रंथातील या दोन आज्ञांत विरोध नाही. झाडाचे वैर कोणालाच नव्हते. झाड कोठे उगवले, एवढाच प्रश्न होता.

१३/
यावरून देखभालीचे दोन हंगाम ठरतात. पहिला वैशाख-ज्येष्ठात, मृगापूर्वी : पाला झाडणे, पन्हळीत काठी घालून वाट मोकळी करणे, माळवदावर नवी पांढरी माती टाकून खोलगे बुजवणे. दुसरा दसरा-दिवाळीच्या सुमारास : पावसात रुजलेली रोपे बोटभर असतानाच मुळासकट उपटणे. पिंपळ तोडणे अशुभ मानले जाई, हेही येथे लक्षात घ्यावे. बोटभर रोप उचलून नदीकाठी लावता येते. मनगटाएवढे खोड झाल्यावर कुऱ्हाड चालवायला कोणी धजत नाही. नुसते वरून छाटले, तर मूळ भिंतीत जिवंत राहून पुन्हा फुटते.

१४/
हे काम करीत कोण? लाकूडकामाला गावचा सुतार आणि भाजक्या वस्तूंना कुंभार होताच. त्यांना बलुत्यात धान्य मिळे. माती टाकणे, लिंपणे, पाला काढणे हे मात्र घरच्या माणसांचे काम. घरात माणसे होती तोवर ते होत राहिले. पुढे वाटण्या झाल्या. चार भावांत खण वाटले गेले, पण माळवद सलग राहिले आणि पन्हळ कोणाच्याच वाट्याला आली नाही. एकाच्या खणावरचा पाला दुसऱ्याच्या खोलीत गळू लागला. त्यातच पुण्या-मुंबईला गेलेल्या हिस्सेदारांच्या खोल्यांना कुलपे लागली.

१५/
यात इतिहासाचे नुकसान किती, हे वाड्यातल्या दप्तरावरून कळते. घराण्यांचे मोडी कागद रुमालांत बांधून वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर ठेवलेले असत, म्हणजे छपराच्या अगदी खाली. जुनी शाई काजळ आणि डिंकाची. कोरड्या कागदावर ती शतके टिकते, पण ओल लागली की फुटते. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून असे कागद मिळवीत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि अशा कागदांना हक्काचे घर मिळाले. तेथे पोचलेले कागद आज वाचता येतात. गळक्या माळवदाखाली लगदा झालेल्या रुमालांत काय होते, हे कोणालाच सांगता येणार नाही.

१६/
एकोणिसाव्या शतकात छप्परच बदलू लागले. १८२९ साली लंडनमध्ये हेन्री पामर याने नालीदार लोखंडी पत्र्याचे एकस्व घेतले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. १८६० पर्यंत लोहमार्ग पुण्याहून दौंडमार्गे सोलापूरला पोचला होता. असा जड माल दूर नेणे त्यामुळे सोपे झाले. कौले आणि पत्रे आले, पण पन्हळ गेली नाही. दोन उतार जेथे भेटतात तेथे पत्र्याची पन्हळ बसवावी लागते आणि पाला तेथेच अडकतो. गंमत म्हणजे नालीदार पत्र्याला मराठीने नावच दिले 'पन्हळी पत्रा'.

१७/
आजच्या सिमेंटच्या स्लॅबची गोष्ट निराळी नाही. चारी बाजूंनी कठडा आणि कोपऱ्यात पाइपाचे एक तोंड. ते पाल्याने बुजले की गच्चीचा हौद होतो. पाणी झिरपून आतल्या लोखंडी सळया गंजतात, फुगतात आणि सिमेंटचे पोपडे पडतात. अशा वेळी पुष्कळदा पहिला निर्णय होतो तो शेजारचे जुने झाड तोडण्याचा. पन्नास-साठ वर्षांचा कडुनिंब एका दिवसात जातो. पाइपाचे तोंड तसेच बुजलेले राहते.

१८/
जुन्या वास्तूंवर प्रेम करणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. संरक्षित गड, मंदिरे किंवा वाडे असतील, तर भिंतीतली जाड मुळे परस्पर ओढू नयेत. मुळाबरोबर दगडही निघतात. ते काम पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने आणि जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावे. आणि ज्यांच्या गावी अजून माळवदाचे, कौलांचे किंवा पत्र्याचे घर उभे आहे, त्यांनी मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा शिडी लावावी. हातात काठी, टोपली आणि खुरपे पुरते. पाला टोपलीत भरावा, पन्हळीत तांब्याभर पाणी ओतून ते भिंतीपासून दूर पडते का, ते पाहावे. सांध्यात पिंपळाची चार पाने दिसली, तर ते रोप अलगद काढून नदीच्या काठी लावावे.