विमानांची नावे, माणसांची नावे

बोटीला नाव असते, आगगाडीला असते, आपल्याकडे मालमोटारीच्या कपाळावरही 'आईचा आशीर्वाद' लिहिलेले असते. मग विमानाला नाव का नसावे? आज विमानतळावर उभ्या असलेल्या अनेक विमानांवर कंपनीचे नाव आणि शेपटीकडे चार-पाच अक्षरे, एवढेच दिसते. पण प्रत्येक विमानाला स्वतंत्र नाव देण्याची प्रथा एके काळी मोठ्या कंपन्यांत सर्रास होती, आणि काही कंपन्यांत ती आजही आहे. तिचा इतिहास चाळू लागलो, तर तो केवळ हौसेचा इतिहास राहत नाही.

ही प्रथा आली जहाजांकडून. कॅप्टन, क्रू, डेक हे शब्द विमानवाहतुकीने जहाजांकडून उचलले, तशी नावे ठेवण्याची रीतही उचलली. ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेजने १९३१ पासून सेवेत आणलेल्या आठ मोठ्या दुपंखी विमानांची नावे हॅनिबल, हॅनो, होरेशियस, हेलेना अशी होती. सगळी इंग्रजी 'एच'ने सुरू होणारी. अमेरिकेच्या पॅन अमेरिकन कंपनीने तर जुन्या वेगवान शिडाच्या जहाजांवरूनच आपल्या विमानांना 'क्लिपर' म्हटले. त्यांपैकी 'चायना क्लिपर' १९३५ मध्ये टपाल घेऊन प्रशांत महासागरापलीकडे मनिलाला पोचले.

नाव आणि नोंदणी

येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. नाव ऐच्छिक असते, नोंदणी सक्तीची. १९१९ च्या पॅरिस करारानुसार प्रत्येक विमानाची कोणत्या तरी एका देशात नोंद होणे आवश्यक ठरले. भारतातील विमानांच्या खुणेची सुरुवात 'व्हीटी' या अक्षरांनी होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ज्या छोट्या 'पुस मॉथ' विमानातून टपाल घेऊन कराचीहून जुहूला आले, त्याची खूण होती व्हीटी-एडीएन. दुरुस्तीच्या वह्या, तपासणीचे दाखले, अपघाताचा अहवाल या सर्वांत विमान ओळखले जाते ते या खुणेने. नाव असते ते माणसांसाठी.

राजकन्या, शिखरे, सम्राट

एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्याचे नाव 'मलबार प्रिन्सेस'. त्याच्या बहिणी होत्या 'राजपूत प्रिन्सेस', 'मुघल प्रिन्सेस', 'मराठा प्रिन्सेस'. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमाने आली, तेव्हा 'नंदादेवी', 'गौरीशंकर', 'कांचनजंगा' ही हिमालयाची शिखरे निवडली गेली. १९७१ पासूनच्या जंबो जेटना अशोक, शहाजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, कृष्णदेवराय अशा राजांची नावे मिळाली. १९८८ मध्ये 'शिवाजी'ही आले. पुढच्या जंबोंवर कोणार्क, तंजावर, अजिंठा, वेल्हा गोवा ही स्थळे आली. स्वतंत्र देशाने आपली जगाला कशी ओळख करून द्यायचे ठरवले, याचा हा एक छोटा दस्तऐवजच आहे.

पण नाव लक्षात राहते, ते बहुधा अपघातामुळे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी 'मलबार प्रिन्सेस' आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ४८ माणसे गेली. त्यांत बहुतेक प्रवासी हे बोटीवर कामाला निघालेले भारतीय खलाशी होते. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, त्याच पर्वतावर 'कांचनजंगा' कोसळले आणि ११७ जण मृत्यू पावले. एका शिखराचे नाव धारण करणारे विमान दुसऱ्या शिखरावर फुटावे, हा दुर्दैवी योगायोग. वैमानिकाला पर्वताच्या संदर्भात आपल्या स्थानाचा चुकीचा अंदाज आला होता. डॉ. होमी भाभा याच विमानात होते.

या दोन्ही विमानांचे अवशेष बोसाँ हिमनदीत गाडले गेले. हिमनदी ही घन दिसली, तरी उतारावरून संथपणे वाहते आणि पोटातले सामान काही दशकांनी खाली आणून सोडते. २०१२ मध्ये तिने भारतीय परराष्ट्र खात्याची टपालाची थैली परत केली, तर २०२० मध्ये जानेवारी १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे. सापडलेला तुकडा कोणत्या विमानाचा, हे नावावरून क्वचितच कळते. एकाची इंजिने दट्ट्याची होती, दुसऱ्याची जेट. ते सुटे भाग आणि कागदावरची तारीख यांवरून ठरवावे लागते.

'काश्मीर प्रिन्सेस'ची कथा निराळी. बांडुंग परिषदेसाठी चिनी शिष्टमंडळातील माणसे आणि पत्रकार यांना घेऊन ते हाँगकाँगहून निघाले होते. ११ एप्रिल १९५५ रोजी नातुना बेटांजवळ टाइमबाँबचा स्फोट होऊन ते समुद्रात पडले. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय त्यात नव्हते. १६ जण मरण पावले, तिघे वाचले. समुद्रतळातून काढलेल्या अवशेषांत घड्याळी यंत्रणेचे तुकडे मिळाले आणि घातपात सिद्ध झाला. पेटते विमान पाण्यावर उतरवू पाहणारे कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. वाचलेल्यांपैकी अभियंता अनंत श्रीधर कर्णिक यांनी पुढे या विमानाच्याच नावाचे पुस्तक लिहिले.

२३ जून १९८५ रोजी 'सम्राट कनिष्क' आयर्लंडजवळ अटलांटिकवर बाँबने फुटले. ३२९ जण गेले, त्यांत बहुसंख्य कॅनडाचे नागरिक. कॅनडात ही घटना 'एअर इंडिया १८२' या उड्डाण-क्रमांकाने ओळखली जाते. आपण मात्र आजही 'कनिष्क' म्हणतो. कुशाण सम्राटाचे नाव उच्चारल्यावर एका पिढीला आधी समुद्र आठवतो. इतिहासाच्या शिक्षकांनी यावर जरूर विचार करावा.

आणि येथेच नावांचा दुसरा गुण, किंवा दोष, दिसतो. नाव यंत्राला चेहरा देते. पण त्या चेहऱ्याआड माणसे झाकली जातात. 'मलबार प्रिन्सेस' आपल्याला माहीत आहे, पण तिच्यातील एका तरी खलाशाचे नाव आपण सांगू शकतो का? १९६६ म्हटले, की भाभा आठवतात. उरलेले ११६ जण नाहीत. आयर्लंडच्या किनाऱ्यावर अहाकिस्टा या गावी कनिष्कच्या बळींचे स्मारक आहे. तेथे दगडावर मृतांची नावे कोरलेली आहेत.

वर्गात या विमानांच्या नावांची यादी फळ्यावर लिहावी. कोणती नावे आली आणि कोणती आली नाहीत, ते विद्यार्थ्यांना विचारावे. एखाद्या अपघाताची माहिती जमवायला सांगितली, तर मात्र एक अट घालावी: वहीत विमानाच्या नावाखाली त्यातील निदान एका अप्रसिद्ध माणसाविषयीही चार ओळी असल्या पाहिजेत. त्या शोधायला किती कष्ट पडतात, हे कळणे हादेखील इतिहासाचाच धडा आहे.