पेठ रस्त्यावरून दिसलेले नाशिक

नाशिकच्या पंचवटीतून जो रस्ता रामशेज किल्ल्याच्या अंगाने पश्चिमेला जातो, तो पेठचा रस्ता. दिवाळी उलटली, घाटाखालची भातं खळ्यावर आली, की भल्या सकाळी या रस्त्यावर जीपगाड्यांची रांग लागते. सावळघाट चढून आलेल्या त्या गाड्यांतून माणसे उतरतात. बायकांच्या काखेत पोर, पिशवीत नागलीची भाकरी, कापडात गुंडाळलेली छाटणीची कात्री. काही माणसे नाशिकच्या बांधकामांवर जातात, बरीचशी पुढे दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत. मी स्वतः पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. लहानपणी वडिलांचे बोट धरून याच रस्त्याने पहिल्यांदा नाशकात आलो. त्यांच्या डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा होता, माझ्या हातात करवंदांची पाटी. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. हे शहर इतके बदलते, ते नेमके कशाने?

इतिहासात याचे उत्तर शोधायला लागलो, तेव्हा सुरुवात पांडवलेण्यांपासूनच करावी लागली. तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २००० ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रकमेला हात लावायचा नाही. व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना दरवर्षी वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापणे द्यायची. आता हिशेब करून पाहा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंचे बाराप्रमाणे २४०च होतात. हे गोवर्धन म्हणजे आजच्या गंगापूरजवळचा भाग. म्हणजे लेणी डोंगरात, पैसा राजाच्या जावयाचा आणि तो वाढवायचा गावातल्या कोष्ट्यांनी. नाशिकच्या भरभराटीची ही जुनी लेखी नोंद मला नेहमी बोलकी वाटते. कारण तिच्यात देणाऱ्याचे नाव आहे, घेणारे मोजलेले आहेत. ज्यांच्या मागावर ते व्याज विणले गेले त्या माणसांचे मात्र एकही नाव नाही.

पुढे मोगलाईत या गावाचे नाव गुलशनाबाद झाले. पेशवाईत पुन्हा नाशिक झाले. अठराव्या शतकात पेशवे आणि त्यांचे सरदार यांनी गोदाकाठी घाट, वाडे आणि मंदिरे बांधली. सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेले काळाराम मंदिर त्याच शतकाच्या अखेरचे. नऊ टेकड्यांवरचे हे गाव तेव्हा यात्रेवर आणि पेशव्यांच्या आश्रयावर जगत होते. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि आश्रयही गेला. यात्रा मात्र राहिली.

इंग्रजी अमलात दोन गोष्टी झाल्या. १८६९ मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच दशकात थळ घाटातून रेल्वे वर आली. रेल्वे गावात मात्र आली नाही. स्टेशन झाले आठ-नऊ किलोमीटर दूर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टेशनापासून गावापर्यंत घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती यात्रेकरूंना ने-आण करत राहिली. स्टेशनाभोवती वस्ती वाढत गेली आणि नाशिकरोड नावाचे दुसरेच गाव उभे राहिले. आजही जुना नाशिककर ‘नाशिकरोडला जाऊन येतो’ असे म्हणतो, तेव्हा परगावी निघाल्यासारखा म्हणतो.

आता याच काळात आमच्या पेठला काय झाले ते पाहू. पेठ हे दळवी घराण्याचे छोटेसे संस्थान होते. डिसेंबर १८५७ मध्ये येथे कोळ्यांचा उठाव झाला, हरसूलचा बाजार लुटला गेला आणि इंग्रजांनी उठाववाल्यांना फासावर दिले. पुढे १८७८ मध्ये शेवटची बेगम वारली आणि संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्याचा एक तालुका झाले. त्याच १८७८ साली हिंदुस्थानचा नवा वनकायदा झाला. एक घटना पेठची, दुसरी सबंध देशाची. पण आमच्या पाड्यांवर दोन्ही एकदमच येऊन पडल्या. ज्या सागाच्या जंगलात माणूस राब भाजून नागली-वरई पिकवत होता, लाकूडफाटा आणत होता, ते जंगल सरकारी झाले. जंगलात पाय टाकणे गुन्हा ठरू लागले. पोट भरायला मग घाट चढून वर जाणे आले. पेठच्या माणसाच्या नाशिकच्या वाटेची सुरुवात मी येथून धरतो.

विसाव्या शतकात नाशिक बदलले ते सरकारी निर्णयांनी. हिंदुस्थानची टपाल तिकिटे तोवर लंडनहून छापून येत. १९२५ मध्ये नाशिकरोडला सरकारी छापखाना उभा राहिला आणि तिकिटे येथे छापली जाऊ लागली. १९२८ पासून नोटाही. यात्रेच्या गावात पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार घेणारा, भोंग्यावर कामाला जाणारा मोठा कामगारवर्ग आला.

आणि त्याच सुमाराला गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळाच प्रश्न उभा राहिला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी त्याची धुरा वाहिली. हजारो माणसे खेड्यापाड्यांतून आली आणि मंदिराचे दरवाजे बंद झाले. सत्याग्रह १९३४ पर्यंत चालला. दरवाजे उघडले नाहीत. १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. शहरात माणसाचे श्रम सहज शिरतात, पण माणूस शिरायला गेला की दार लावले जाते, हे नाशिकने त्या पाच वर्षांत साऱ्या देशाला दाखवले. नाशिकच्या इतिहासातले हे पान मी कधी ओलांडून पुढे जाऊ शकत नाही.

स्वातंत्र्यानंतर गंगापूर धरण झाले, तेही मातीचे. बारमाही पाणी मिळाल्याबरोबर कारखान्यांचे येणे सोपे झाले. १९६० च्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत आखली गेली, पुढे अंबडची. १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला. कामगारांना घरे हवीत म्हणून सिडकोने नवे नाशिक वसवले. नाशिक, सातपूर, नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका आणि भोवतालची वीसहून अधिक गावे एकत्र करून १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. १९०१ च्या जनगणनेत बावीस हजारांच्या आत असलेले हे गाव २००१ मध्ये १० लाख ७७ हजारांचे आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांचे शहर झाले. वाडे पडून अपार्टमेंट झाल्या. ज्या मळ्यांत भाजीपाला पिकायचा, तिथे कॉलनीच्या नावात तेवढा ‘मळा’ राहिला.

दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ या सगळ्याला वेग देतो. रस्ते रुंद होतात, पूल होतात, घाट वाढतात. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन एकोणचाळीस माणसे गेली. त्यानंतर २०१५ च्या सिंहस्थासाठी नियोजनच बदलले. या शहराची बरीचशी बांधकामे अशी पाहुण्यांच्या तारखेवर ठरत आली आहेत. जी माणसे रोज येतात त्यांच्यासाठी मात्र अशी तारीख कधी ठरत नाही.

आता पुन्हा पेठ रस्त्यावर येऊ. द्राक्षाने नाशिक जिल्ह्याचे नाव जगभर नेले. पण द्राक्षबाग हे फार माणसे खाणारे पीक आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डिपिंग, विरळणी, काढणी. वेळ चुकली तर घड गेला. ही कामे उक्ती घेणाऱ्या टोळ्या पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या असतात. परदेशी निघालेल्या पेटीवर बागायतदाराचे नाव असते, निर्यातदाराचे असते. घडाला आकार देणाऱ्या हातांची तिथे नोंद नसते. उषवदाताच्या लेखातल्या विणकरांचे मला येथे पुन्हा स्मरण होते.

ही माणसे गाव सोडून का येतात? २०११ च्या जनगणनेप्रमाणे पेठ तालुका एक लाख वीस हजारांच्या आसपास वस्तीचा, शेकडा नव्वदहून अधिक आदिवासी. पाऊस नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त. पण जमीन उताराची, खडक उघडा. दमणगंगा आणि तिच्या उपनद्या ते पाणी घेऊन पश्चिमेला गुजरातकडे, समुद्राकडे जातात. आवणीच्या वेळी गुडघाभर चिखल तुडवणारी बाई एप्रिलमध्ये झिऱ्यावर वाटीने पाणी भरत बसते. आमच्या पाड्यावर आई रात्री दोनला उठून झिऱ्यावर जायची, कारण पहाटेपर्यंत त्यात चार हंडे साचत. एकच पीक, मग कोरडी आठ महिने. गाव सोडण्याचे कारण एवढे साधे आहे.

या पाण्यावर मोठ्या योजना आखल्या गेल्या. २०१० मध्ये केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात दमणगंगा–पिंजाळ आणि पार–तापी–नर्मदा या नदीजोड प्रकल्पांचा करार झाला. एकाचे पाणी मुंबईला, दुसऱ्याचे गुजरातला. २०२२ मध्ये आदिवासींच्या विरोधामुळे पार–तापी–नर्मदा प्रकल्प सोडून देत असल्याचे गुजरात सरकारने जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरची काही गावे सोयी मिळत नाहीत म्हणून आम्हाला गुजरातला जोडा असे म्हणू लागली. ते ऐकून पुष्कळांना राग आला. मला आठवला तो झिरा.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकातून शेतकऱ्यांचा पायी मोर्चा मुंबईला निघाला. त्यांत पेठ, सुरगाणा, दिंडोरीचे आदिवासी हजारोंनी होते. सुमारे १८० किलोमीटर चालून ते मुंबईत पोहोचले. शेवटचा टप्पा रात्रीतून चालले, सकाळी दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून. फाटलेल्या टाचांचे ते फोटो सगळ्यांनी पाहिले. त्यांची एक मुख्य मागणी होती, २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनी नावावर करून देण्याची. १८७८ मध्ये जे गेले, त्याचा कागद ते १४० वर्षांनी मागत होते. आणि निघाले कुठून? नाशिकमधून. ज्या शहरात ते आजवर कामाच्या शोधात येत होते, तिथून ते या वेळी हक्क मागायला निघाले. शहर बदलले म्हणतात ते याला, असे मला वाटते.

पुराचे पाणी मोजायला नाशिककरांकडे गोदेतला दुतोंड्या मारुती आहे. पाणी गुडघ्याला लागले, छातीला लागले, असे म्हणत अख्खे गाव काठावर उभे राहते. शहर किती बदलले ते मोजायचे झाले, तर मी पेठ नाक्यावर जातो. मध्यंतरी तिथे एक बाई भेटली, आमच्याकडचीच. बोलीवरून ओळख पटली. विचारले, “मावशी, कुठे चालल्या?”

म्हणाली, “बागेवर, दादा. महिना-दीड महिना.”

बरोबर सून होती, कडेवर नातू. मी विचारले, “आणि मोठी नात?”

“ती नाही यायची. ती कॉलेजात आहे, नाशकालाच. हॉस्टेलवर राहते.” एवढे बोलून मावशीने पदर खोचला आणि ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली.

एकाच रस्त्याने दोघी आल्या होत्या, आजी आणि नात. आजी ट्रॉलीतून शहर ओलांडून पुढे गेली. नात शहरातच राहिली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)