विद्यापीठ आणि विद्यार्थ्याचे मन

क्लिफर्ड बीअर्स हा अमेरिकेतील न्यू हेवनचा रहिवासी. तेथील येल विद्यापीठातच तो शिकला. १८९४ साली त्याच्या थोरल्या भावास अपस्माराने गाठले आणि आपलीही तीच गत होणार, ह्या भयाने क्लिफर्डच्या मनात ठाण मांडले. वर्गात उठून उत्तर देणे त्यास असह्य होऊ लागले. तरीही १८९७ साली तो रीतसर पदवीधर झाला. १९०० साली मात्र त्याने आत्मघाताचा प्रयत्न केला. तो वाचला. पुढची सुमारे तीन वर्षे वेड्यांच्या इस्पितळांत गेली आणि तेथे सोसलेल्या हालांचे वर्णन करणारे त्याचे आत्मचरित्र १९०८ साली प्रसिद्ध झाले. त्यातूनच अमेरिकेतील मानसिक आरोग्याची चळवळ उभी राहिली.

बीअर्सचे नाव निघाले की त्या इस्पितळांचीच कथा सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांस त्याआधीची सहा वर्षे अधिक बोलकी वाटतात. भोवती विद्वान अध्यापक होते, सोबती होते. परंतु ‘मला भय वाटते’ एवढे जेथे जाऊन सांगावे, अशी एकही खोली त्या थोर विद्यापीठात नव्हती.

तशी पहिली सोय १९१० साली प्रिन्स्टन येथे झाल्याचे मानतात. तीमागे स्ट्यूअर्ट पॅटन हे मानसोपचारतज्ज्ञ होते. चांगली मुले मनाच्या अस्वास्थ्यापायी शिक्षण अर्धवट टाकून जातात, हे त्यांच्या ध्यानी आले होते. येल येथे ही व्यवस्था १९२५ च्या सुमारास सुरू झाली आणि तेथील डॉक्टर क्लेमेंट्स फ्राय ह्यांनी एका सहकाऱ्यासह १९४२ साली आपल्या अनुभवांवर ग्रंथही लिहिला. मूल शिक्षण सोडून जाऊ नये, हा हेतू चांगलाच. पण तो संस्थेच्या हिशेबातून निघालेला आहे. विद्यार्थ्याच्या मनात वेगळाच प्रश्न असतो: हे डॉक्टर माझे, की विद्यापीठाचे? मी येथे बोललो तर ते कोणाच्या कानी जाईल?

हा प्रश्न किती खरा आहे, ते त्याच येलमध्ये दिसून आले. २०२२ च्या नोव्हेंबरात विद्यार्थी व माजी विद्यार्थी ह्यांच्या एका संघटनेने विद्यापीठावर दावा लावला. तक्रार अशी की, मनाने खचलेल्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठ सोडण्याचे दडपण येते. सोडणाऱ्यास अवघ्या ७२ तासांत आवार रिकामे करावे लागते, आरोग्यविम्यास मुकावे लागते, आणि परतायचे तर नव्याने अर्ज करून आपण बरे झालो हे पटवून द्यावे लागते. ह्या भयाने मुले डॉक्टरांपुढे खरे बोलत नाहीत, असे कित्येकांचे सांगणे होते. बीअर्सला बोलावयास जागा नव्हती. ह्यांना जागा होती, पण तेथे बोलण्याचीच धास्ती!

विद्यापीठाची बाजू अगदीच पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. मरणाच्या काठावर उभ्या असलेल्या मुलास वसतिगृहात एकटे ठेवणे ही लहान जोखीम नव्हे. परंतु मदत मागणाऱ्यासच घराबाहेर काढावे, ही तोड आम्हांस क्रूर वाटते. येलने २०२३ च्या जानेवारीत नियम बदलले: ‘सोडून जाणे’ जाऊन ‘वैद्यकीय रजा’ आली, विमाही राहू लागला. ऑगस्टात तडजोड झाली, तीत गरजूंना कमी विषय घेऊन शिकण्याची मुभा मिळाली.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क मान्य केला आहे. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक समुपदेशक नेमावा, असे सांगितले. आता समुपदेशकाच्या खोल्या उघडतील. त्यांपैकी किती खोल्या प्राचार्यांच्या कचेरीला लागून असतील, आणि तेथल्या नोंदवहीच्या कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात असेल, ह्याची चौकशी पालकांनी व विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतानाच करावी.