डावीकडे वळताना उजवीकडे जाणारं नाक

माझा भाचा सध्या विमान चालवायला शिकतोय. परवा फोनवर जरा हिरमुसलेला वाटला. "मामा, आज पुन्हा बोलणी खाल्ली. वळताना पाय विसरतो मी."

पाय?? मला आपलं वाटायचं, गाडीसारखं विमानही चाक फिरवलं की वळतं.

मग त्यानेच समजावलं. विमान वळतं ते एका बाजूला कलून. डावीकडे वळायचं तर उजव्या पंखाची लिफ्ट वाढवून तो वर उचलायचा. पण लिफ्ट वाढली की त्या पंखाला हवेचा विरोधही वाढतो, तो मागे ओढला जातो आणि विमानाचं नाक भलतीकडेच, म्हणजे उजवीकडे जातं! ते सावरायला पायाने शेपटीचा रडर दाबायचा.

फोन ठेवला आणि जुनी पुस्तकं काढून बसलो. बघतो तर काय, भाच्याची ही चूक राईट बंधूंनाही छळून गेली होती!

त्यांच्या आधी जर्मनीत ओटो लिलिएंथालने ग्लायडरवरून सुमारे २००० उड्डाणं केली होती. तोल सांभाळायचा तो स्वतःचं अंग इकडेतिकडे झुकवून. ९ ऑगस्ट १८९६ ला ग्लायडर हवेत थबकलं, कोसळलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. ही बातमी वाचून डेटनच्या या दोन सायकलवाल्या भावांचं कुतूहल पुन्हा जागं झालं. पंख आणि इंजिनं काय, इतरही लोक करत होते. हवेत गेल्यावर तोल कसा राखायचा, हा खरा प्रश्न. सायकल आपणहून उभी राहत नाही, चालवणारा तिला क्षणोक्षणी सावरतो, हे या दोघांना वेगळं सांगायला नको होतं.

१८९९ मध्ये त्यांनी पतंगावर पंख पिळून बघितले. १९०१ च्या ग्लायडरने निराशा केली, तेव्हा दुसऱ्यांचे आकडे बाजूला ठेवून स्वतःच हवेचा बोगदा बनवला आणि सुमारे २०० छोटे पंख तपासले. १९०२ च्या ग्लायडरला मागे उभी स्थिर शेपटी लावली. तरी वळताना ते कधीकधी घसरत जाऊन वाळूत रुतायचंच. एका रात्री कॉफी जास्त झाल्यामुळे ऑरव्हिलला झोप येईना. पडल्यापडल्या त्याला सुचलं, शेपटी हलती केली तर? विल्बरने त्यात भर घातली, की ती पंख पिळण्याच्या दोऱ्यांनाच जोडून टाकू. झाला की रडर!

१७ डिसेंबर १९०३ ची ती १२ सेकंदं आणि १२० फूट सगळ्यांना पाठ असतात. पण त्याच्या नऊच दिवस आधी सॅम्युअल लँगली यांचं विमान पोटोमॅक नदीत पडलं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. त्यांच्याकडे सरकारचे ५०,००० डॉलर होते, राईटांपेक्षा कितीतरी ताकदवान इंजिन होतं. पण आत बसलेल्या माणसाला हवेत तोल सांभाळण्याचा सराव जवळजवळ नव्हताच. राईट बंधूंनी मात्र इंजिन लावण्याआधी, एकट्या १९०२ मध्ये, शेकडो वेळा घसरून-पडून हात बसवून घेतला होता. म्हणजे विमान बनवण्याआधी ते वैमानिक झाले होते.

काल ताईचा फोन आला. पुढच्या आठवड्यात तो पहिल्यांदा एकटा उडणार आहे. "पडणार तर नाही ना रे?" आवाज कापत होता तिचा. काही होणार नाही, असं ठोकून द्यायला जीभ रेटेना. मी एवढंच म्हणालो, "ताई, तो सध्या तेच शिकतोय. उडणं सोपं असतं गं, सावरणं शिकायला वेळ लागतो. बोलणी खातोय ना, खाऊ दे."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला सांग, पाय विसरू नको म्हणावं."