लक्ष्य, लक्षण आणि संवाद : भातखंड्यांचे दोन ग्रंथ

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी १९१० मध्ये ‘चतुर’ या नावाने ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याच वर्षी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला मराठी भाग निघाला, चौथा व अखेरचा १९३२ मध्ये. एकाच विचाराला दोन भाषा आणि दोन रूपे का लागावीत?

भरत वा शार्ङ्गदेव यांच्या ग्रंथांवरून प्रचलित रागसंगीताचा उलगडा होत नाही. लक्ष्य, म्हणजे प्रत्यक्ष गायन, बदलले की लक्षणही बदलले पाहिजे, ही भातखंड्यांची भूमिका होय. ग्रंथप्रामाण्याला छेद देणारा हा विचार मान्य व्हावयाचा तर त्यावर परंपरेचीच मुद्रा हवी होती. ती संस्कृत श्लोकांनी पुरविली. मराठी ग्रंथ मात्र गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे. शिष्यांच्या शंकांच्या निमित्ताने ग्रंथकारांची व गायकांची परस्परविरोधी मते तेथे समोरासमोर येतात. श्लोकातील सिद्धांत संवादात वादविषय होतो.

पुढे पाठ्यक्रमांत रूढ झाली ती दहा थाटांची व्यवस्था. तिच्यामागचा वाद मागे पडला. प्रयोगातून निघालेले लक्षण प्रयोगालाच मापू लागले. या राष्ट्रीय संगीतघडणीत मुस्लिम उस्तादांचा अधिकार क्षीण झाला, असे जानकी बखले यांनी २००५ मध्ये दाखविले. त्याची खूण या संवादरूपातही सापडते : उस्तादाचे म्हणणे तेथे येते, पण गुरूच्या कथनातून. लक्ष्य ज्याच्या कंठात, त्याला वक्त्याचे आसन नाही. भातखंड्यांच्या मराठी गद्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एकाच रचनेत आहेत.