रात्री नऊला वाय-फाय का रांगतं? ‘अनलिमिटेड’ प्लॅनची मर्यादा आणि कर्जत-खालापूरची गर्दीची वेळ

संध्याकाळी सीएसएमटीहून सुटलेली कर्जत लोकल सुमारे दोन तासांनी कर्जतला पोचते. काही गाड्या पुढे खोपोलीपर्यंत जातात. माणसं घरी येतात, जेवतात आणि नऊच्या आसपास घरोघरचे टीव्ही-मोबाईल एकदमच वाय-फायवर येतात. नेमकं तेव्हाच व्हिडिओवर ते गोल चक्र फिरायला लागतं. केबलवाल्याला फोन केला तर ‘डेटा संपला असेल’ किंवा ‘वरूनच स्लो आहे’ यापैकी एक उत्तर मिळतं. ही दोन अगदी वेगळी कारणं आहेत. महागडा प्लॅन घेण्याआधी आपलं कोणतं, हे कळलेलं बरं.

‘फेअर यूसेज’ म्हणजे काय?

प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात मर्यादा असते. त्या मर्यादेपर्यंत पूर्ण वेग मिळतो, पुढे इंटरनेट चालू राहतं पण वेग कमी होतो. हीच फेअर यूसेज पॉलिसी, म्हणजे एफयूपी.

बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये ही मर्यादा महिन्याला ३३०० जीबी असते. नेटफ्लिक्सवर एचडी व्हिडिओला तासाला जास्तीत जास्त ३ जीबी लागतात. म्हणजे ३३०० जीबीत ११०० तास बघून होईल. ३० दिवसांच्या महिन्यात तासच ७२० असतात! एका टीव्हीच्या घरात ही मर्यादा संपणं कठीणच. मात्र स्वस्त किंवा स्थानिक प्लॅनची मर्यादा याहून बरीच कमी असू शकते, म्हणून आपला आकडा ॲपमध्ये किंवा बिलावर बघायलाच हवा.

मग वेग कुठे जातो?

बहुतेक वेळा गर्दीत. घरापर्यंत आलेली फायबर ‘आपली’ वाटते, पण ती वाटून घेतलेली असते. प्रचलित जीपॉन तंत्रात एका लाइनवर डाउनलोडसाठी सुमारे २.५ जीबीपीएस क्षमता असते आणि ती साधारण ३२ किंवा ६४ घरांत विभागली जाते. ६४ घरांनी एकाच वेळी पूर्ण जोर लावला, तर वाट्याला येतात जेमतेम ३९ एमबीपीएस, प्लॅन १०० चा असला तरी.

खरी अडचण बऱ्याचदा त्याच्याही मागे असते. ऑपरेटर सगळ्या ग्राहकांसाठी मिळून वरच्या कंपनीकडून बँडविड्थ विकत घेतो. सगळे एकदम ऑनलाइन येणार नाहीत, हे त्यात गृहीत असतं. हे बेकायदा नाही. ट्रायने २००९ मध्ये घरगुती जोडणीसाठी जास्तीत जास्त १:५० हे प्रमाण ठरवून दिलं होतं. गोची होते ती ग्राहक वाढले आणि बँडविड्थ तेवढीच राहिली तर. त्यात कर्जत, नेरळ, खालापूर भागातली फार्महाऊस आणि सेकंड होम शनिवार-रविवारी भरतात. त्यामुळे इथली गर्दीची वेळ रोजच्या रात्रीपुरती राहीलच असं नाही.

ओळखायचं कसं?

घड्याळ बघून. मर्यादा संपली असेल तर वेग पहाटे पाचलाही तेवढाच कमी असतो आणि नवं बिलिंग चक्र सुरू होईपर्यंत तसाच राहतो. गर्दी असेल तर पहाटे सुसाट, रात्री नऊला मरगळलेला. चार-पाच दिवस दोन्ही वेळा स्पीड टेस्ट करा, शक्यतो राउटरला लॅपटॉप केबलने जोडून. नाहीतर दोष जाड भिंतीचा आणि बोल ऑपरेटरला, असं व्हायचं. गर्दीचा त्रास असेल तर वरचा प्लॅन घेऊन फारसा फरक पडत नाही, कारण अडथळा तुमच्या प्लॅनमध्ये नसतोच.

नियम काय म्हणतात?

ट्रायच्या ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशानुसार मर्यादा किती, तिच्या आधी वेग किती आणि नंतर किती, हे कंपनीने जाहीर करायलाच हवं. मर्यादेनंतरही वेग ५१२ केबीपीएसखाली नेता येत नाही. तेव्हा ब्रॉडबँडची व्याख्याच तेवढी होती. जानेवारी २०२३ पासून ती २ एमबीपीएस आहे. शिवाय २०१८ च्या नेट न्यूट्रॅलिटी नियमांमुळे एखादंच ॲप मुद्दाम हळू करायला मनाई आहे.

तक्रार आधी कंपनीच्या कस्टमर केअरकडे करून डॉकेट नंबर घ्यायचा. केबलवाल्याला केलेला फोन तक्रार म्हणून धरला जाईलच असं नाही. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे, कर्जतहून चांगलाच लांब. पण तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. त्यासाठी पहाटेच्या आणि रात्रीच्या स्पीड टेस्टचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा.