किंग काँग : दोन देशांच्या नायकांचा प्रतिस्पर्धी

दारा सिंग यांच्या कुस्त्यांची आठवण निघाली की जुन्या पिढीच्या ओठांवर आणखी एक नाव हमखास येते, ते म्हणजे किंग काँग. अवाढव्य देहाचा हा मल्ल भारतीय प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला तो प्रामुख्याने पराभूत म्हणून. प्रत्यक्षात तो अनेक दशके आशिया खंडात फिरून कुस्तीवर उपजीविका करणारा पट्टीचा व्यावसायिक होता.

किंग काँग यांचे मूळ नाव एमिल चाया. हंगेरियन वंशाच्या चाया यांचा जन्म १९०९ मधला. पुढे त्यांनी सिंगापूरमध्ये वास्तव्य केले. त्यांचे वजन २०० किलोंच्या घरात असल्याचे सांगितले जाई. हा देह आणि रासवट अवतार हेच त्यांचे भांडवल होते.

महाराष्ट्राला परिचित असलेली कुस्ती लाल मातीतली. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल लागतो. चाया यांची ‘फ्रीस्टाइल’ कुस्ती वेगळी होती. दोरांनी बांधलेले रिंगण, ठरावीक फेऱ्या, जोडीच्या लढती आणि तिकिटे काढून येणारा शहरी प्रेक्षक हे तिचे स्वरूप. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई, दिल्ली, कलकत्ता, बंगलोर (आताचे बेंगळुरू) अशा शहरांत या कुस्तीने गर्दी खेचली. या खेळाला एक लोकप्रिय नायक आणि तितकाच भीतिदायक खलनायक लागे. दुसरी भूमिका किंग काँग यांच्या वाट्याला आली.

सिंगापूर आणि मलायात नाव कमावलेल्या दारा सिंग यांनी १९५४ मध्ये मुंबईत टायगर जोगिंदर सिंग यांचा पराभव करून ‘रुस्तम-ए-हिंद’ किताब मिळविला. किंग काँग यांच्याशी त्यांच्या अनेक लढती झाल्या. सुमारे १३० किलो वजनाच्या दारा सिंग यांनी या महाकाय मल्लाला उचलून रिंगणाबाहेर फेकल्याची हकिकत आजही सांगितली जाते.

किंग काँग यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचे वर्ष १९५५. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. किंग काँग आणि टायगर जोगिंदर सिंग या जोडीने जपानचे रिकीदोझान आणि हॅरॉल्ड साकाता यांना हरवून दुहेरी किताब जिंकला. यातील साकाता हे १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमधील भारोत्तोलनाचे रौप्यपदक विजेते. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडपटातील खलनायक ऑडजॉब म्हणून ते पुढे जगभर ओळखले गेले. मात्र, २२ नोव्हेंबर रोजी टोकियोत झालेल्या वैयक्तिक लढतीत रिकीदोझान यांनी किंग काँग यांना नमवून हेवीवेट गटाचे आशियाई अजिंक्यपद पटकावले. महायुद्धातील पराभवाने खचलेल्या जपानला धिप्पाड परदेशी मल्लांना लोळवणारे रिकीदोझान राष्ट्रीय नायक वाटत होते.

अशा रीतीने भारत आणि जपान या दोन्ही देशांतील लोकनायकांच्या कीर्तीत किंग काँग यांच्या पराभवाचा वाटा आहे. या लढतींना ‘नुरा कुस्ती’, म्हणजे आधी संगनमत केलेली कुस्ती, म्हणून नाके मुरडणारेही होते. व्यावसायिक कुस्तीत निकाल पूर्वनियोजित असतात, हे आता सर्वमान्य आहे. परंतु निकाल ठरलेला असला तरी आपटणे खरे असते आणि त्याचा मार शरीरालाच सोसावा लागतो. एवढे वजन घेऊन रिंगणात कोसळायचे, प्रतिस्पर्ध्याला इजा होऊ द्यायची नाही आणि पुढच्या गावी पुन्हा उभे राहायचे, ही अंगमेहनतच होती. हरणारा मल्ल जितका बलाढ्य भासेल, तितका जिंकणारा मोठा ठरे.

दारा सिंग पुढे चित्रपटांत गेले. १९६२ मध्ये त्यांची प्रमुख भूमिका असलेला जो चित्रपट झळकला, त्याचे नावही ‘किंग काँग’च होते. १९६८ मध्ये त्यांनी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ यांना पराभूत केले, तर दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेतील हनुमानाच्या भूमिकेने ते नव्या पिढीपर्यंत पोहोचले. २०१२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली.

किंग काँग यांच्या वाट्याला असे दुसरे पर्व आले नाही. मोटार अपघातानंतर मे १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. भारतात मात्र धिप्पाड माणसाला गमतीने ‘किंग काँग’ म्हणण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ राहिली.